क्लेटनच्या इंजिनाचा नंबर

क्लेटनच्या गाडीचा नंबर मी पुसला. एकोणतीस वर्षं ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, आणि सांगायची वेळ आली तेव्हा सांगायचं सोडून दुसराच उद्योग करून बसलो. आता सांगतो, कारण जे बिघडायचं होतं ते बिघडून झालंय.

बे सिटीत चाळीस वर्षं माझं मशिन शॉप होतं. गॅरेजवाले इंजिन उघडायचे आणि ज्या कामाला त्यांचा हात चालत नाही ते माझ्याकडे पाठवायचे. सिलिंडर बोअर करणं, क्रँक घासणं, ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी धडाला, फेसिंग मारणं, म्हणजे वरची बाजू घासून सपाट करणं. ट्रक, ट्रॅक्टर, मासेमारीच्या बोटी, सगळं यायचं. आमच्या शहरात अजूनही म्हातारे लोक म्हणतात, की लेन वोयतासनं फेसिंग मारलेल्या ब्लॉकवर पट्टी धरली तर खालून उजेडसुद्धा जात नाही. हे ऐकलं की पूर्वी माझी छाती फुगायची. आता मी विषय बदलतो.

क्लेटन रीस म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, डोलोरेसचा नवरा. एकोणसत्तर साली तो लढाईवरून परत आला तो जिवंत आणि गप्प. साठलेल्या पगारातून त्यानं पहिली गोष्ट घेतली ती ही शेव्हरोले शेव्हेल, हिरव्या रंगाची, मोठ्या इंजिनाची. आईनं कपाळाला हात लावला होता. पण क्लेटननं ती गाडी अशी सांभाळली की पोरीबाळीसुद्धा लोक इतक्या जपत नाहीत. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि मीठ लोखंड खातं. तेव्हा थँक्सगिव्हिंगपासून ईस्टरपर्यंत गाडी चादर पांघरून गॅरेजात. उन्हाळ्यात रविवारी चर्च, मग तळ्याकाठचा रस्ता, आणि भाचीच्या लग्नात नवरीची गाडी. बस्स.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात इंजिन तेल प्यायला लागलं. क्लेटननं स्वतः उतरवलं, ब्लॉक माझ्याकडे आणून ठेवला आणि म्हणाला, "लेन, तुला वाटेल ते कर. तुला मी काय सांगणार?"

या वाक्यानं घात केला. दुसरा कोणी असता तर मी चार प्रश्न विचारले असते.

आता नंबर कुठे असतो ते सांगायला हवं. या इंजिनाच्या ब्लॉकला पुढच्या बाजूला, वर बसणाऱ्या हेडच्या, म्हणजे झाकणाच्या, कडेबाहेर, दोन बोटं रुंदीचा एक ओठ असतो. कारखान्यात गाडीचाच नंबर त्या ओठावर ठोकलेला असतो. गाडीवरचा आणि ओठावरचा नंबर जुळला, की इंजिन याच गाडीचं, जन्मापासूनचं. भानगड अशी, की हा ओठ ब्लॉकच्या वरच्या सपाटीच्याच पातळीत असतो. सपाटीला फेसिंग मारायचं तर ओठ वाचवून मारावं लागतं. त्यात वेळ जातो आणि ओठाशी एक बारीकशी पायरी राहते. ती वापराला काही आड येत नाही, पण दिसते.

मला ती पायरी नको होती. बहिणीच्या नवऱ्याचं काम, आरशासारखं झालं पाहिजे, असा माज होता. काम घेताना पावतीवर ब्लॉकचा नंबर लिहून ठेवायची माझ्या शॉपची पद्धत होती, तो मी लिहिला. मग मशिन सुरू केलं आणि सरळ शेवटपर्यंत फिरवलं. पहिल्या हाताला आकडे फिके झाले. दुसऱ्याला सावलीसारखे उरले. मी पाहत होतो. तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. तिसऱ्या हातानंतर ओठ लख्ख.

तेव्हा कोणाला पडलं होतं नंबराचं, असं मी पुढे स्वतःला सांगत राहिलो. ते खोटं आहे. अठ्ठ्याऐंशी सालीही जाणणारे जाणत होते आणि मी जाणणाऱ्यांतला होतो. क्लेटनला म्हणायला हवं होतं, बाबा रे, माझ्या हातून असं झालं. त्याऐवजी मी ओठावर नारिंगी रंगाचा जाड हात मारला आणि ब्लॉक परत केला. पैसे घेतले नाहीत. क्लेटनला वाटलं असेल, मेव्हणा किती मोठ्या मनाचा.

पुढच्या वर्षांत लोकांना नंबराचं वेडच लागलं. शनिवारी संध्याकाळी बर्गरच्या टपरीसमोर जुन्या गाड्यांची रांग लागायची, आणि गाडी बघण्याऐवजी माणसं खाली वाकून बॅटरीनं ओठ शोधायची. तोच रंग, तोच पत्रा, तीच सीट. पण इंजिन दुसरं निघालं की किंमत एका फटक्यात तिसऱ्या हिश्शानं खाली. लग्नाची मुलगी बघायला जावं आणि तिची बत्तीशी मोजून परत यावं, तसला प्रकार. क्लेटनच्या गाडीशी कोणी वाकलं, की मी दुसरीकडे बघायचो. चोराच्या मनात चांदणं. क्लेटन मात्र शांतपणे म्हणायचा, "इंजिन? जन्मापासून हेच," आणि बॉनेट खाली घ्यायचा. मला वाटायचं, बिचाऱ्याला माहीत नाही.

गेल्या मार्चमध्ये क्लेटन गेला. डोलोरेसचे दोन्ही गुडघे गेलेले, घर असं, की निजायची खोली वर आणि कपडे धुवायचं मशिन तळघरात. तिची मुलगी कोलीन ट्रॅव्हर्स सिटीला असते. तिच्या गल्लीतच तळमजल्यावरचा एक छोटा फ्लॅट विकायला निघाला. क्लेटननं शेवटच्या आठवड्यात डोलोरेसला सांगून ठेवलं होतं, "गाडी वीक आणि पोरीजवळ जा. जिन्यांवर मरू नकोस." घराची किंमत आमच्या भागात काही येत नाही. जे काही यायचं ते गाडीचंच. गाडीला चांगला भाव आला तर फ्लॅट, नाही तर जिने. हिशेब इतका साधा होता.

सप्टेंबरात डोलोरेसचा फोन आला.

"गुरुवारी दहाला लिलाववाल्यांचा माणूस येतोय गाडी तपासायला. तू पाहिजेस."

"मी कशाला? कागद आहेत ना सगळे?"

"कागद बोलतात का? इंजिनाचं तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

"बरं."

"आणि दाढी करून ये. मागच्या वेळी पाद्रीबाबांनी मला विचारलं, हा भाऊ कुठे राहतो, पुलाखाली?"

मी हसलो, फोन ठेवला आणि खुर्चीत बसलो तो अर्धा तास उठलोच नाही. तिला वाटतंय मी इंजिनाची ग्वाही देईन. तो माणूस रंग खरवडणार, ओठ कोरा दिसणार, आणि माझी बहीण माझ्याकडे बघणार.

आणि मग मला ती कल्पना सुचली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच. नंबर मला ठाऊक होता. जुन्या पावत्यांच्या खोक्यात अठ्ठ्याऐंशीची पावती सापडली, माझ्याच अक्षरातली. इंजिन खरं, नंबर खरा. मग तो परत ठोकला तर खोटं काय झालं? पुसलेलं नाव थडग्यावर पुन्हा कोरतात, त्याला कोणी चोरी म्हणतं का? असं मी स्वतःला पटवलं, आणि पटायला फार वेळही लागला नाही.

जुन्या गाड्यांच्या धंद्यातले काही लोक हे करतात, कसं करतात तेही मला माहीत होतं, आणि आजवर मी त्यांच्या तोंडावर थुंकत आलो होतो. दुसऱ्याच गाडीचं इंजिन आणायचं आणि त्यावर या गाडीचा नंबर ठोकायचा, हा त्यांचा धंदा. माझं तसं नाही, मी म्हणालो.

रविवारी डोलोरेस चर्चला गेली. तिची किल्ली माझ्याकडे असतेच. ती देवाच्या दारात आणि मी तिच्या गॅरेजात. ओठाआडचा आल्टरनेटर उतरवला, ओठ मोकळा केला, रंग खरवडला. कारखान्यात सगळे आकडे एका साच्यात धरून एकाच ठोक्यात उठवत. मी तसाच साचा दोन दिवस आधी घरी बनवून ठेवला होता, जुन्या वळणाचे आकडे शोधून. कारखान्याच्या पात्याच्या बारीक उभ्या रेघा त्या ओठावर असतात, माझ्या मशिननं त्याही गेल्या होत्या. त्या मी पोलादी पट्टीला पॉलिशपेपर लावून एकेक ओढल्या. मग एक ठोका. मग व्हिनेगर आणि मीठ, थोडा गंज चढेपर्यंत. मग जुनं तेल.

खोटं कशाला सांगू, त्या सकाळी मला मजा आली. बहात्तराव्या वर्षी हात थरथरला नाही. काम झाल्यावर बॅटरी धरून पाहिलं, आणि एकोणतीस वर्षं छातीवर असलेला दगड उतरल्यासारखं वाटलं. घरी जाऊन मी उकडीच्या करंज्यांसारखी आमची पिरोगी दोन प्लेट खाल्ली.

गुरुवारी मी दाढी करून गेलो. खिशात पावती घेतली होती, लागली तर असावी म्हणून. लिलाववाल्यांचा माणूस मर्ल शुल्ट्झ, साठीचा, लांब मानेचा, हळू बोलणारा. आरसा, बॅटरी, भिंग सगळं ओळीनं फडक्यावर मांडलं त्यानं. मला तो आवडला. डोलोरेसनं सफरचंदाचा केक केला होता आणि गॅरेजात खुर्ची टाकून ती बसली होती, जरा जास्तच ताठ.

मर्लनं आधी पत्रा पाहिला, मग चासीवरचा नंबर, मग सीटा. "एका घरातली गाडी," तो म्हणाला. "अशी हल्ली मिळत नाही." मग बॉनेट उघडून पुढे वाकला आणि तसाच राहिला. बराच वेळ. मी मनात म्हणतोय, बघ, बघ, रेघा बघ.

तो सरळ झाला आणि डोलोरेसकडे वळला. "मिसेस रीस, फोनवर तुम्ही म्हणाला होतात की ओठावर नंबर नाहीये."

"नाहीये," डोलोरेस म्हणाली. "फेसिंगमध्ये गेला, अठ्ठ्याऐंशी साली. माझ्या भावाच्या हातून. म्हणून तर त्याला बोलावलंय, तोच सांगेल तुम्हाला."

"इथे नंबर आहे."

डोलोरेसनं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं, आणि ते कळताना मला तिच्या तोंडावर दिसलं.

"लेन," ती म्हणाली, "काय केलंस तू?"

मर्लनं एकदा परत वाकून पाहिलं. "काम सुरेख आहे," तो म्हणाला. "खरंच सांगतो. मला फोन झाला नसता तर कदाचित मीही फसलो असतो. रेघा तुम्हीच ओढल्यात?"

"हो."

"हातानं?"

"हो."

त्यानं मान हलवली, एक कारागीर दुसऱ्याला दाद देतो तशी. ती दाद ऐकून मला गॅरेजच्या जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

मी घाईघाईनं पावती काढली. "हे बघा. ही तेव्हाची. हाच नंबर. इंजिन हेच आहे, मी माझ्या हातानं उघडलंय."

मर्लनं चष्मा लावून पावती वाचली. तारीख वाचली, क्लेटनची सही वाचली. "अक्षर कोणाचं?"

"माझं."

"आणि हे आकडेही तुमचेच." त्यानं पावती घडी करून माझ्या हातात परत दिली. "मिस्टर वोयतास, हा कागद आणि कोरा ओठ, एवढं तुम्ही मला दाखवलं असतंत ना, तर मी लिहिलं असतं, नंबर फेसिंगमध्ये गेलेला, इंजिन मूळचंच असल्याची काम करणाऱ्याची ग्वाही आहे, गाडी पहिल्यापासून एका घरात. दहा-वीस टक्के कमी आले असते. घेणारे घेतात असली गाडी. आता मी काय लिहू? ग्वाही देणारा आणि नंबर ठोकणारा एकच माणूस आहे."

"मी परत घासून काढतो," मी म्हणालो. "आत्ता. एका तासात कोरा करून देतो."

"गप बस, लेन," डोलोरेस म्हणाली.

मर्ल हसला नाही. त्यानं सामान फडक्यात गुंडाळलं. "इंजिन मूळचं असेलही, मला वाटतं असेलच. पण मला वाटतं हे मला लिहिता येत नाही. नंबर नंतर ठोकलेला, हे लिहावं लागेल. आणि ते लिहिलं की बाकी सगळं गेलं." केक त्यानं घेतला, नको म्हणणं बरं दिसणार नाही म्हणून असेल, आणि उभ्या उभ्याच खाल्ला.

तो गेल्यावर आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो.

"तुला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"इंजिन परत आलं त्या दिवसापासून. क्लेटननं रंग पाहिला आणि म्हणाला, लेन कधी इतका जाड रंग मारत नाही. अंगठ्यानं चाचपून पाहिलं त्यानं. मग मला म्हणाला, त्याला काही बोलू नकोस, जीव जाईल त्याचा."

"आणि तो सगळ्यांना सांगायचा, जन्मापासून हेच इंजिन..."

"खरंच होतं ना ते? त्यात खोटं काय होतं?" तिचा आवाज चढला. "बॉनेट तुझ्यासाठी बंद करायचा तो, मेल्या! तू तिथे उभा असायचास म्हणून."

मी पावतीची घडी उलगडली आणि परत घातली.

"मला वाटलं," ती म्हणाली, "आता क्लेटन नाही, तर तू एकदा मोकळा होशील. मी मर्लला आधी सांगून ठेवलं, म्हणजे तुला पहिलं वाक्य बोलायला नको. तुला फक्त हो म्हणायचं होतं. एवढं एक काम होतं, लेन."

"मी तुझ्यासाठी केलं, डोलोरेस. फ्लॅटसाठी."

"माझ्यासाठी?"

मी पावती खिशात घातली. मग मी म्हणालो, "नाही. तुला कळू नये म्हणून केलं."

"हां," ती म्हणाली आणि उठून कपबशा विसळायला लागली.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! माझा गुन्हा होता तो माफ होऊन एकोणतीस वर्षं झाली होती, फक्त मला कळवलं नव्हतं. आणि मी त्या माफ झालेल्या गुन्ह्यावर पांघरूण घालायला गेलो आणि खरोखरचा गुन्हा केला. लिलाववाल्यांनी गाडी घेतली नाही. फ्लॅट ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या कोणी घेतला. माझ्याकडे होते ते पैसे मी पुढे केले, तर डोलोरेस म्हणाली, "तुझं छप्पर गळतंय, आधी ते बघ." आणि खरंच गळतंय.

मर्लनंच शेवटी एक गिऱ्हाईक पाठवलं. ग्रँड रॅपिड्सचा दातांचा डॉक्टर, प्रेस्कॉट नावाचा, पन्नाशीचा, हसतमुख. त्याला नंबराशी देणंघेणं नव्हतं, त्याला गाडी चालवायची होती, आणि त्यानं भाव केला तो मर्लच्या कागदाप्रमाणे, म्हणजे नंबर नंतर ठोकलेला, इंजिन दुसरं, असं धरून. चांगल्या भावाच्या निम्म्याहून थोडं वर. डोलोरेसनं घासाघीस केली नाही.

ट्रेलर घेऊन तो आला त्या दिवशी ऊन होतं. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं, डोळे मिटून आवाज ऐकला. आवाज ऐकण्यासारखा होताच. तो मी केलेल्या कामाचा आणि क्लेटननं अठ्ठेचाळीस वर्षं दर तीन हजार मैलांना बदललेल्या तेलाचा आवाज होता.

"वा!" तो म्हणाला. मग सहज, बोलायचं म्हणून विचारलं, "मूळ इंजिनाचं काय झालं हो? कुठे गेलं ते?"

मी तोंड उघडलं, पण डोलोरेस आधी बोलली. काठी टेकत ती गाडीपर्यंत आली होती.

"हेच मूळ इंजिन आहे," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं गाडी नवी घेतली तेव्हा हेच होतं. कधी बदललं नाही."

प्रेस्कॉट हसला. वाईट माणूस नव्हता तो. म्हाताऱ्या बाईचं मन राखायला हसतात तसा हसला. "हो ना, मिसेस रीस," तो म्हणाला, "नक्कीच." आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून त्यानं हळूच डोळा मारला.

डोलोरेसनं ते पाहिलं. माझी बहीण सत्तरीला आली, तिचा शब्द आमच्या गावात कोणी कधी तोलून पाहिला नव्हता. ती खरं बोलत होती आणि समोरच्याला ते खोटं वाटत होतं, आणि ती सोय मी करून ठेवली होती, एका ठोक्यात. मी पुढे होऊन सांगायला हवं होतं, साहेब, ती खरं बोलतेय. पण ते माझ्या तोंडून आलं असतं तर त्याला आणखीच खोटं वाटलं असतं.

तिनं पुन्हा सांगितलं नाही. किल्ली त्याच्या हातात ठेवली, सही केली, आणि ट्रेलर वळणापलीकडे जाईपर्यंतही थांबली नाही. जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी चढत ती वर निजायला गेली. दुपारचे दोन वाजले होते.